न्हाणीतून दिवाणखान्यात

बाणेर-बालेवाडीच्या नव्या इमारतीत किंवा कोथरूडच्या पुनर्विकसित सोसायटीत कुणाच्या वास्तुशांतीला गेलं, की हल्ली सोफ्याच्या कोपऱ्यात एक वडीलधारे गृहस्थ उभे असतात. गोल तांबूस अंग, खाली आखूड पाय, पोटाला पितळी तोटी, दोन्ही बाजूंना कड्या. हा पाणी तापवायचा बंब. ज्या नळ्यात पूर्वी निखारे फुलायचे त्यात आता पांपस गवताचे तुरे खोचलेले असतात, नाहीतर बल्ब सोडून त्याचा दिवा केलेला असतो. शेजारच्या घंगाळात पाण्यावर गुलाबाच्या पाकळ्या आणि मेणाच्या पणत्या तरंगतात. हंड्यात मनीप्लांट असतो.

पाहुण्यांत लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष गहिवरतो: आमच्याकडेही होता हो अगदी असाच, आईने मोडीत घातला. दुसरा पक्ष खास पुणेरी. अंघोळीचं सामान बैठकीत मांडणाऱ्यांनी उद्या पाटा-वरवंटा भिंतीला टांगला तर नवल वाटायला नको, असं तो जाताना लिफ्टमध्ये बोलतो. गहिवरणाऱ्यांना बंब म्हणजे हरवलेला सुवर्णकाळ वाटतो. हसणाऱ्यांना वाटतं, ज्या वस्तूचं काम संपलं तिने गुपचूप नाहीसं व्हावं, मिरवू नये.

मला बंबाची बाजू घ्यायची आहे, आणि ती या दोघांच्याही विरोधात आहे. बंब दिवाणखान्यात आला हे चांगलंच झालं. एवढंच नव्हे, काही बाबतींत तो आता पूर्वीपेक्षा बऱ्या जागी आहे. तक्रार आहे ती त्याला तिथे आणण्याआधी आपण त्याच्यावरून काय काय खरवडून काढतो त्याबद्दल.

आधी हे यंत्र काय होतं ते पाहू. होय, यंत्रच. मधोमध एक उभा नळा, त्याच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा, आणि नळ्याभोवती चहूबाजूंनी पाणी. जळण बाहेरून भांड्याच्या बुडाला लावायचं नाही, भांड्याच्या पोटात घालायचं. त्यामुळे ज्योतीची उष्णता चुलीवरच्या हंड्यासारखी इकडेतिकडे उधळत नाही, निघते ती पाण्यातच शिरते. त्यात धातू तांबं. स्टेनलेस स्टीलच्या मानाने तांबं सुमारे पंचवीसपट जोमाने उष्णता वाहून नेतं. काही बंबांत तर आणखी एक शहाणपण असे. नरसाळ्यातून बादलीभर गार पाणी ओतलं की ते तळाशी जाई आणि वर जमलेलं तेवढंच कढत पाणी तोटीतून बाहेर पडे. गरम पाणी हलकं असतं, वर राहतं, एवढ्या एका गोष्टीवर चाललेली ही व्यवस्था. ना वीज, ना पंप.

रशियातल्या तुला शहराची ख्याती ज्या सामोवारासाठी आहे, तो बंबाचा सख्खा चुलतभाऊ. तोच मधला नळा, तेच निखारे, तशीच तोटी. पण सामोवार चहाच्या टेबलावर पाहुण्यांच्या मधोमध मांडला गेला आणि घराची शान ठरला. बंबाला न्हाणीघराच्या ओल्या कोपऱ्यात उभं केलं. रचना तीच, तत्त्व तेच, मान वेगळा. तेव्हा ‘न्हाणीतली वस्तू बैठकीत कशी’ या प्रश्नाला मी फारशी किंमत देत नाही. कुठली वस्तू कुठे शोभते हे वस्तूच्या अंगात नसतं, ते त्या त्या घराने ठरवलेलं असतं.

आता गहिवराकडे. बंब आपोआप पेटत नसे. पहाटे सगळ्यांआधी कुणीतरी उठे, काल संध्याकाळी फोडून ठेवलेल्या ढलप्या, शेंगांची टरफलं, नारळाच्या शेंड्या, गोवरीचा तुकडा असं काहीबाही नळ्यात घाली आणि फुंकणीने फुंकत बसे. ते कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला नको. पावसाळ्यात जळण ओलं असलं की धूर न्हाणीतून माजघरात येई. पाणी भरायच्या आधी चुकून जाळ केला तर सांध्यांचे डाग सुटत, आणि मग बंब तांबटाकडे आणि सून बोलण्याच्या तोंडी. आठवड्याला राख काढा, काजळी काढा, सणाला बाहेरून चिंचेने घासा. घरात दहा-बारा माणसं आणि अंघोळीचा क्रम वयाप्रमाणे. शेवटी जी अंघोळीला जाई तिच्या वाट्याला बहुधा कोमट पाणी. ज्या बाईने ही सकाळ वीस-पंचवीस वर्षं काढली, तिने गिझर लागला त्या दिवशी बंबाच्या आठवणीने डोळे पुसले असतील यावर माझा विश्वास नाही. बंबाचे कढ येतात ते ज्यांना त्यातलं पाणी आयतं बादलीत मिळालं त्यांना.

त्यामुळे बंब घरातून गेला ही शोकांतिका नव्हती, सुटका होती. ती एका झटक्यात झाली नाही. आधी अॅल्युमिनियम आलं, मग स्टील. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांतले वाडे पाण्यात बसले. पूरग्रस्तांच्या वसाहती शहराबाहेर उठल्या, त्यांच्या खोल्या लहान, न्हाण्या त्याहून लहान. तिथे जळणाचा ढीग कुठे ठेवणार आणि धूर कुठून काढणार? नंतरच्या काळात वाडे पाडून इमारती झाल्या, तेव्हा प्रत्येक बिऱ्हाडाच्या सामानात माळ्यावरून उतरलेलं तांबं-पितळ असे, आणि नव्या घरात त्याला माळाही नसे. मग ते रविवार पेठेत काट्यावर गेलं. मोडीच्या भावाने वजन झालं, चेपलेल्या भागाचं आणि नक्षीच्या भागाचं एकाच दराने, आणि बदल्यात स्टीलच्या डब्यांचा चकचकीत संच आला. त्या संचाला हसू नये. तो हलका होता, त्याला कल्हई लागत नव्हती, त्यात ताक कळकत नव्हतं. आमच्या आया-आज्यांनी पूर्ण विचारांती केलेला तो सौदा होता.

पण मोडीत गेलेल्या भांड्याचं पुढे काय होतं, ते भट्टीत पाहावं. तांबं १०८५ अंशांना वितळतं. त्या तापमानाला पेशवाईतलं घंगाळ आणि परवाची गिझरची कॉइल यांत काही फरक राहत नाही. आणि ही ओढ कमी होणारी नाही. विजेच्या तारा, मोटारी, विजेवरच्या गाड्या या सगळ्यांना तांबं हवं आहे; २०२४ च्या मे महिन्यात लंडनच्या धातुबाजारात त्याचा भाव टनाला ११,००० डॉलरच्या वर गेला होता. भाव असा चढला की गल्लीतल्या भंगारवाल्यापर्यंत त्याची हाक पोचते. जुन्या बाजारात, बुधवार-रविवारी, बंब पुढ्यात मांडून बसलेल्या विक्रेत्याच्या मनात दोन आकडे असतात: शोभेची वस्तू म्हणून गेला तर किती, आणि नाहीच गेला तर किलोवर किती. पहिला आकडा दुसऱ्याच्या वर आहे तोवरच तो बंब बंब आहे.

बंबाला शोभेची वस्तू करणाऱ्यांना हसणाऱ्यांनी हा हिशेब मनाशी ठेवावा. न्हाणीघर की दिवाणखाना, असा पर्याय बंबापुढे आता उरलेला नाही. दिवाणखाना की भट्टी, एवढाच आहे. पांपस गवताचे तुरे मलाही आवडत नाहीत. पण ते खोचले म्हणून बंब आणखी शंभर वर्षं टिकणार असेल, तर ते मी सहन करीन. तुरे उपटून काढता येतात.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. तो असा की भांडं हे वापरण्यासाठी असतं, त्याचं सौंदर्य त्याच्या उपयोगात असतं, नुसतं पाहण्यासाठी ठेवलेलं भांडं म्हणजे ढोंग. ऐकायला हे बरं वाटतं. पण आपल्या घरांचा इतिहास तसं सांगत नाही. जुन्या स्वयंपाकघरातली मांडणी आठवा. उतरत्या मापाच्या डब्यांची रांग, पालथ्या घातलेल्या पातेल्यांची उतरंड, वरच्या फळीवर तांब्याचे हंडे-कळश्या. त्यातली अर्धी भांडी लग्नकार्याखेरीज खाली उतरत नसत. त्यांचं रोजचं काम दिसणं हेच होतं. आल्यागेल्याने पाहावं, सोयरीक जुळवायला आलेल्यांनी मनात मोजावं, यासाठी ती फळीवर होती. रुखवतात मांडलेली भांडी तर पाहण्यासाठीच मांडत. आणि भातुकली? तुळशीबागेतून आणलेल्या भातुकलीत वीतभर उंचीचा बंब असतो, मुठीएवढं घंगाळ असतं. त्यांनी कधी पाण्याचा थेंब तापवलेला नसतो. त्यांना कुणी ढोंगी म्हटलेलं नाही. खरा बंबसुद्धा नरकचतुर्दशीला सजे. आदल्या संध्याकाळी घासूनपुसून त्याला हळदकुंकवाची बोटं ओढत, गळ्यात झेंडूची माळ घालत आणि मग पहाटे तो पेटवत. शोभा आणि काम यांच्यात भिंत घालणं ही आपल्या घरांची सवय नव्हती. ती अलीकडच्या कारखानदारी जगाची आहे, आणि तिथून ती उसनी घेऊन वर परंपरेच्या नावाने कुणी बोलू नये.

माझं खरं भांडण सुरू होतं ते चकाकीपाशी.

आमच्याकडे भांड्याची चकाकी ही घरच्या बाईची इभ्रत होती. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तांब्यावरचा काळपट ऑक्साइडचा थर विरघळवतं, बारीक राख किंवा रांगोळी तो घासून काढते, आणि खालून लालबुंद तांबं वर येतं. प्रत्येक घासणीत धातूचा अतिसूक्ष्म अंश जातो. वर्षानुवर्षं घासलेल्या घंगाळाची कड हाताला पातळ लागते ती म्हणून. आता पितांबरी आली, पण तत्त्व तेच. या दृष्टीने पाहिलं तर काळवंडलेलं भांडं म्हणजे निष्काळजी घर.

आता दिवाणखान्यातली दृष्टी पाहा. तिला जुनेपणा हवा आहे. ऑस्ट्रियन कलाइतिहासकार आलोइस रीगल याने १९०३ साली स्मारकांवर लिहिलेल्या निबंधात एक फार उपयोगी भेद केला. एखाद्या वास्तूला ऐतिहासिक मूल्य असतं, ते कळायला अभ्यास लागतो. उपयोगाचं मूल्य असतं, ते वापरणाऱ्याला कळतं. आणि तिसरं असतं वयाचं मूल्य: झिजेच्या, डागांच्या, हिरव्या-तपकिरी छटांच्या रूपाने काळ वस्तूवर दिसतो, आणि तो पाहणाऱ्या कुणालाही, न शिकता, भिडतो. विसाव्या शतकात लोक या तिसऱ्या मूल्याच्या मागे लागणार, हे त्याने ओळखलं होतं. न्यू यॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीचं उदाहरण तर तांब्याचंच आहे. १८८६ मध्ये उभी राहिली तेव्हा ती तांबूस होती. खाऱ्या हवेने ती हिरवी पडत गेली. १९०६ मध्ये तिला रंग द्यायचा सरकारी बेत निघाला, तेव्हा लोकांनी ओरड केली, आणि त्या हिरव्या थराने आतलं तांबं राखलं जातं असंही दिसून आलं. तो थर राहिला. आज ती लाल करतो म्हटलं तर कुणी करू देणार नाही.

म्हणजे दोन सौंदर्यदृष्टी आहेत, दोन्ही प्रामाणिक आहेत आणि दोन्हींचं एकमेकींशी पटत नाही. आजीची दृष्टी सांगते, काळ रोज सकाळी पुसून काढ. रीगलची सांगते, काळाला हात लावू नको. यांतली कोणतीही एक निवडा, माझी हरकत नाही. दर महिन्याला घासा, नाहीतर कधीच घासू नका. घरातल्या हवेत तांबं हिरवं न होता गडद तपकिरी होत जातं आणि ते सुंदर दिसतं. पण सजावटीच्या दुकानांत तिसराच प्रकार चालतो. बंबाला आधी बफच्या चाकावर धरून आरशासारखं करायचं आणि मग वरून लॅकरचा पारदर्शक लेप मारायचा, म्हणजे त्यावर पुन्हा काही चढायला नको आणि कुणाला घासायलाही नको. त्यात आजीचे कष्टही नाहीत आणि काळाची छटाही नाही. वर विकताना याला म्हणायचं ‘अँटिक’. शंभर वर्षांत जे साठलं ते अर्ध्या तासात चाकावर उडवलं, पुढच्या शंभर वर्षांत जे साठायचं त्याचा रस्ता बंद केला, आणि उरलेल्या गुळगुळीत वस्तूला पुरातन म्हणून मोल लावलं. यापेक्षा नवा तांब्याचा दिवा घेतलेला काय वाईट?

बरं, त्या ‘अँटिक’चा कायदाही कुणी वाचत नाही. १९७२ च्या पुरावस्तू आणि कलासंपदा कायद्याप्रमाणे साधारणपणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू ठरू शकते, आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. न्यू जर्सीला निघालेल्या लेकीला ‘दीडशे वर्षं जुनं घंगाळ’ बांधून देणाऱ्या हौशी पालकांनी दुकानदाराच्या शब्दावर किती विश्वास ठेवावा हे विमानतळावर ठरतं. घंगाळ सुखरूप गेलं, तर ते बहुधा १९५० च्या आसपासचं होतं असं समजावं.

आता भोकं पाडण्याविषयी. दिवा करायचा तर वायर लागते आणि वायरीला वाट लागते. हंड्याची कुंडी करायची तर पाणी झिरपायला बुडाला छिद्र. इथे माझं पहिलं मत अगदी कडक होतं: पात्राला भोक म्हणजे पात्राचा अंत. मग मला आपल्याच परंपरेतली दोन भोकाची तांब्याची भांडी आठवली. एक, शंकराच्या पिंडीवर टांगलेली गळती, जिचं कामच थेंबथेंब गळणं. दुसरं घटिकापात्र. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडायची. ती चोवीस मिनिटांनी भरून बुडाली की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त त्यावर साधत. मेणाच्या पणत्या तरंगवणाऱ्या यजमानांना सांगायला हवं की त्यांच्या घंगाळात एके काळी घड्याळ तरंगत होतं. तेव्हा छिद्र हे मुळात पाप नाही. गळतीचं छिद्र पाण्यासाठी आहे, घटिकापात्राचं काळासाठी आहे, आणि दोन्ही घडवतानाच ठेवलेली आहेत. बंबाच्या पोटाला ड्रिलने पाडलेलं भोक मात्र त्याचं एकमेव काम, पाणी धरणं, कायमचं संपवतं. आणि त्याची गरजही नसते. बंबाला नळा आहे, खाली राखेची वाट आहे. वायर तिथून घ्या. जो आराखडा करणारा बंबाची रचना समजून घेत नाही, तोच ड्रिल उचलतो. कुंडीसाठी हंड्यात प्लास्टिकची कुंडी ठेवता येते. उद्या तुमच्या मुलांना तुमची सजावट हास्यास्पद वाटली, आणि ती वाटणारच, तर त्यांना ती उतरवून भांडं परत मिळायला हवं.

याहून नाजूक बाब आहे नावांची. आपल्याकडे भांडं विकत घेतलं की त्यावर नाव घालतात. दुकानाच्या पायरीवर बसून टिंबाटिंबांनी कोरणारे कारागीर असत, आता विजेची लेखणी आली. कुणाच्या लग्नात मामांकडून आलेलं, कुणाच्या मुंजीतलं, कुणा कैलासवासी सासूबाईंच्या स्मरणार्थ दिलेलं, सोबत गाव आणि शके. माहेरून आलेल्या भांड्यावरचं नाव हा बाईच्या मालकीचा कित्येकदा एकमेव लेखी पुरावा असे. घर सासऱ्यांच्या नावावर, शेत दिरांच्या, आणि तिच्या नावावर एक घागर. बफच्या चाकावर सगळ्यात आधी जातं ते हे नाव. दुकानदाराला ते नको असतं, कारण विकत घेणाऱ्याला दुसऱ्याचं नाव नको असतं. त्याला ‘आमच्या पणजीचं’ असं म्हणता आलं पाहिजे, आणि भांड्यावर भलत्याच घराण्याची कुणी पार्वतीबाई असली की ते जड जातं.

इथे संग्रहालय आणि दिवाणखाना यांतला फरक दिसतो. दिनकर केळकरांनी, म्हणजे कवी अज्ञातवासींनी, आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्यात जे संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केलं, त्यात राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा अडकित्ते, दिवे, विळ्या, दौती, भांडी यांचा थाट मोठा आहे. स्वयंपाकघरातली वस्तू काचेच्या कपाटात ठेवायला लोक तेव्हाही हसले असतील. पण संग्रहालयात वस्तूजवळ चिठ्ठी असते: काय, कुठलं, कधीचं. दिवाणखान्यात चिठ्ठी नसते, यजमान असतात, आणि यजमानांची गोष्ट दर पार्टीला थोडी वाढते. वाल्टर बेंजामिन या जर्मन विचारवंताने संग्राहकाविषयी म्हटलं होतं की तो वस्तूंची उपयोगी पडण्याच्या वेठीतून सुटका करतो. कल्पना मोहक आहे. पण सुटलेल्याची ओळखही पुसून टाकली तर ती सुटका कसली? माझा आग्रह साधा आहे. पार्वतीबाईंचं नाव राहू द्या. पाहुण्यांना सांगा की या बाई कोण ते आम्हाला माहीत नाही, आणि त्यांचं घंगाळ आमच्याकडे आहे. खोट्या पणजीपेक्षा ही खरी अनोळखी बाई त्या खोलीत जास्त शोभेल.

भांड्यावरच्या नावानंतर आता भांड्यातल्या पाण्याविषयीही बोलून टाकू, जे सजावटीच्या मासिकांत कधी येत नाही. तांब्याचा हंडा ही नुसती पाणी साठवायची वस्तू नव्हती, ती शुद्धतेची वस्तू होती. तांबं आम्लाने शुद्ध होतं हे धर्मशास्त्रातही मानलेलं. सोवळ्यात भरलेल्या पाण्याच्या हंड्याला घरातलेही सगळे हात लावू शकत नसत. मोलकरीण अंगणात भांडी घासून पालथी घाली, मग घरची बाई त्यांवर पाणी ओतून ती आत नेई. जिच्या हातांनी चकाकी आणली तिच्याच स्पर्शाचं हे निवारण. आणि ज्यांना अंगणातही येऊ दिलं जात नसे, त्यांना त्या हंड्यातलं पाणी वरून ओंजळीत घ्यावं लागे किंवा मिळतच नसे. याच पुण्यात १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही घटना इतिहासात नोंदवावी लागली, यावरून त्या काळच्या इतर घरांतले हौद-हंडे कसे होते ते कळतं. ‘आमच्या वाड्यात तांब्याच्या हंड्यातलं पाणी काय गोड लागायचं’ असं म्हणताना ते कुणाकुणाला लागायचं, हेही आठवावं.

म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की बंब आता बऱ्या जागी आहे. बैठकीतल्या बंबाला कुणीही हात लावतं. पार्सल घेऊन आलेला मुलगा दारातून त्याच्याकडे पाहतो, कामाला येणाऱ्या मावशी त्याच्यावरची धूळ पुसतात आणि वर कुणी पाणी ओतत नाही, लहान मुलं तोटी पिरगाळून बघतात. दिवाणखान्यात येताना बंबाचं काम गेलं खरं, पण त्याच्याबरोबर त्याचं सोवळंही गेलं. या देवघेवीत मला तोटा दिसत नाही. जुन्या वस्तूंवर प्रेम करायला जुनी व्यवस्था परत यायला हवी असं नाही; वस्तू ठेवून व्यवस्था मोडीत घालता येते, तीही बिनवजनाची.

राहिला तांबट. कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईत वसली. कोकणातून आलेली ही मंडळी. आधी दरबाराची कामं केली, नंतर साऱ्या शहराला बंब, हंडे, घंगाळं पुरवली. त्यांचं मठारकाम म्हणजे हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी पत्र्यावर उमटवलेली चमकती टिकल्यांची ओळ. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते. पण ठोकल्याने तांबं कडक होतं, पातळ पत्रा चेपेनासा होतो. शोभा ही त्या कामाची वरकमाई. आता यंत्राने छापलेलं खोटं मठारही मिळतं. त्यात पत्र्याला नुसते खळगे असतात, ताकद नसते.

जुन्या बंबावर लट्टू झालेल्या गिऱ्हाईकाचा एकही रुपया या आळीत जात नाही. तो जातो जुन्या बाजारातल्या विक्रेत्याकडे, तिथून मधल्या व्यापाऱ्याकडे, तिथून पॉलिशवाल्याकडे. जुनेपणाचं वेड जितकं वाढेल तितकं तांबटाचं काम वाढेल असं वाटतं, पण दोन्हींचा संबंध फार थोडा आहे. वारसा जपण्याचं काम करणाऱ्या ‘इन्टॅक’च्या पुणे शाखेने तांबटांबरोबर नव्या वस्तूंचे आराखडे करून पाहिले. मठार केलेले दिवे, वाडगे, तबकं बाजारात आली. काही जुन्या मंडळींनी नाकं मुरडली, हे काय तांबटाचं काम आहे का म्हणून. ज्याचे पूर्वज दरबारी कामावरून बंबावर आले, त्याने बंबावरून दिव्यावर येऊ नये, हा नियम कुणी केला? परंपरेचा हट्ट धरणाऱ्यांपैकी किती जणांनी गेल्या वीस वर्षांत तांबटाकडून एक तरी हंडा नवा करून घेतला, ते आधी सांगावं.

म्हणून नुसती चमक हवी असेल त्याने आळीत जाऊन नवी वस्तू घ्यावी, ती हळूहळू स्वतःच्या घरात म्हातारी होईल. आणि जुना बंब घ्यायचाच असेल तर घ्यावा, पण तो तसाच कोपऱ्यात उभा करू नये. माळ्यावर पडून त्याचे पाय हललेले असतात, तोटी ठिबकत असते, नळ्याच्या तळाचा डाग सुटलेला असतो. पाणी भरायचंच नाही म्हणून ते कुणी दुरुस्त करत नाही. ते करून घ्यावं. तांबटाकडून डाग लावून घ्यावा, तोटी बसवून घ्यावी, पाणी भरून रात्रभर ठेवून पाहावं. दिव्याच्या खर्चात ते बसतं, आणि मगच त्याला बंब म्हणावं. पेटवायला मात्र जाऊ नये. अकराव्या मजल्यावरच्या न्हाणीतून धूर निघाला, तर सोसायटीचे सेक्रेटरी दुसरा बंब बोलावतील, आणि तो लाल रंगाचा असेल.